मालवणच्या हिरवट पाण्यातील चित्रीकरण

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता कसालला फुटतो, आणि कट्टा-चौके या गावांवरून उतरत तो जिथे समुद्राला भेटतो, त्या मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या पट्ट्यात महाराष्ट्रातील स्कूबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील दाबाखालची हवा घेत पाण्याखाली वावरण्याच्या पद्धतीचे, मुख्य केंद्र उभे राहिले आहे. येथे येणारे बहुतेक पर्यटक वाटाड्याचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली जातात आणि त्यानेच काढलेली चित्रफीत घेऊन परततात. प्रस्तुत लेख त्यापुढची पायरी गाठू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी, म्हणजे रीतसर प्रशिक्षण घेऊन स्वतःच्या कॅमेऱ्याने सागरी जीवांचे चित्रीकरण करणाऱ्यांसाठी आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या निळ्या, नितळ पाण्यासाठी सांगितले जाणारे नियम मालवणच्या हिरवट आणि बऱ्याचदा गढूळ पाण्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथे सारे तंत्र एकाच सूत्रावर उभे आहे: भिंग आणि जीव यांच्यामध्ये पाण्याचा थर जितका कमी, तितके चित्र चांगले, आणि तो थर कमी करण्याचे, म्हणजे जीवाला न बुजवता त्याच्याजवळ पोचण्याचे काम महागड्या कॅमेऱ्यापेक्षा पाणबुड्याच्या स्थिरतेवर अधिक अवलंबून असते.

पाणी प्रकाशाचे काय करते

सूर्यप्रकाश पाण्यात शिरताच त्यातील रंग एकेक करून शोषले जातात. लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच बहुतांशी नाहीसा होतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा जातात, आणि नितळ समुद्रात शेवटी निळा तेवढा उरतो. मालवणच्या पाण्यात मात्र सूक्ष्म वनस्पतिप्लवक आणि खाड्यांमधून आलेले विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळा रंगही शोषून घेतात, त्यामुळे उरणारा प्रकाश हिरवा असतो. या हिशेबात केवळ खोली धरून चालत नाही, कारण प्रकाश पृष्ठभागापासून जीवापर्यंत आणि तेथून पुन्हा भिंगापर्यंत असा दुहेरी प्रवास करतो. पाच मीटर खोलीवरचा मासा दोन मीटर अंतरावरून टिपला, तर प्रकाशाला सात मीटर पाणी ओलांडावे लागते.

दुसरा परिणाम वक्रीभवनाचा आहे. प्रकाश पाण्यातून मास्कच्या आतील हवेत येताना वळत असल्यामुळे पाण्याखालची वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते. नवशिक्याला आपण जीवाच्या अगदी जवळ आहोत असे वाटते आणि प्रत्यक्ष चित्रात तो हिरव्या धुक्यात हरवलेला दिसतो, त्याचे हे एक कारण आहे. सपाट काचेमागे बसवलेल्या भिंगाचे दृष्टिक्षेत्रही याच कारणाने अरुंद होते. अर्धगोलाकार काच, म्हणजे डोम पोर्ट, लावल्यास ते बरेचसे पूर्ववत होते. जवळ जाऊनही मोठा प्रवाळखडक चौकटीत मावावा यासाठी रुंद कोनाचे भिंग आणि डोम ही जोडी गढूळ पाण्यात सर्वांत उपयोगी ठरते.

ऋतू, तिथी आणि वारा

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडाही साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद ठेवल्या जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळू लागला, तरी कर्ली नदीने देवबागच्या मुखाशी आणि कोळंबच्या खाडीने मालवणच्या उत्तरेला आणून टाकलेला गाळ काही काळ पाण्यात तरंगत राहतो. म्हणून चित्रीकरणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने अधिक भरवशाचे मानावेत. याच दिवसांत खडकांवर सारगॅसम या तपकिरी शैवालाची दाट झुडपे उभी असतात आणि त्यांच्या आडोशाला लहान मासे, खेकडे व गोगलगायी वावरतात.

महिन्याइतकेच महत्त्व तिथीला आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तेव्हा पाण्याची चढउतार मोठी, प्रवाह जोराचा आणि तळचा गाळही ढवळलेला असतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, तेव्हा प्रवाह मंदावतो. भरतीच्या वेळी खुल्या समुद्रातील तुलनेने स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येते आणि ओहोटीला, म्हणजे मच्छीमारांच्या बोलीतील सुकतीला, खाड्यांचे गढूळ पाणी बाहेर पडते, म्हणून पूर्ण भरतीच्या अलीकडचा-पलीकडचा तासभर सर्वांत चांगला. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची स्थूल वेळ मिळते, हा कोकणातील जुना ठोकताळा येथे कामी येतो. त्यानुसार दशमीला भरती सकाळी साडेसातच्या, एकादशीला सव्वाआठच्या आणि द्वादशीला नऊच्या सुमारास येते. भांगाचा परिणाम अष्टमीनंतर काही दिवस टिकत असल्याने मंद प्रवाह आणि सकाळची भरती हे दोन्ही लाभ दोन्ही पक्षांतील या तीन तिथींना एकत्र मिळतात. ठोकताळ्याची वेळ ठिकाणानुसार पुढेमागे होते, म्हणून अंतिम नियोजन मात्र भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहूनच करावे.

वाऱ्याचा विचार याच्याशी जुळणारा आहे. पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यांच्या वेळी किनाऱ्यालगतचे पाणी शांत असते, तर दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, लाटा वाढतात आणि उथळ तळावरचा गाळ उठतो. सूर्य पुरेसा वर आलेला हवा आणि वारा सुटलेला नको, या दोन अटी सकाळी साडेआठ ते अकराच्या दरम्यान बहुधा पुऱ्या होतात.

कॅमेऱ्यापूर्वीचे शिक्षण

वाटाड्यासोबतच्या पहिल्या अनुभवबुडीत कॅमेरा हाती घेऊ नये. किमान ओपन वॉटर पातळीचे प्रशिक्षण, ज्यानंतर प्रौढ पाणबुड्याला जोडीदारासह अठरा मीटरपर्यंत जाता येते, पूर्ण करावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्ली येथील स्कूबा डायव्हिंग संस्थेत खोल तलावासह अशा प्रशिक्षणाची सोय उभारण्यात आली आहे. त्यानंतरही कॅमेऱ्याविना काही बुड्या तटस्थ प्लावकता साधण्यासाठी द्याव्यात. तटस्थ प्लावकता म्हणजे शरीर वर ओढले जात नाही आणि खालीही बसत नाही अशी अवस्था. कमरेची शिशाची वजने नेमकी ठेवणे, बीसीडी या हवा भरता-काढता येणाऱ्या जाकिटाचा जपून वापर करणे आणि शेवटचा बारीक फरक श्वासाने साधणे, या तीन गोष्टींतून ती येते. बहुतेक नवशिके गरजेपेक्षा जास्त वजन बांधतात. मग पाय खाली लोंबतात आणि प्रत्येक फटकाऱ्यासरशी तळाची वाळू उठते. शरीर आडवे, गुडघे वाकलेले आणि पायांतल्या फिनची हालचाल बेडकासारखी मागच्या बाजूला ठेवली, तर खालचा गाळ बसलेला राहतो.

चित्र हलू नये म्हणून श्वास रोखून धरण्याची ओढ प्रत्येक चित्रीकरण करणाऱ्याला होते आणि तीच सर्वांत घातक आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तेथे भरलेली फुप्फुसे श्वास रोखून वर आणली तर आतील हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. दाबातील सापेक्ष बदल उथळ पाण्यातच सर्वांत मोठा असल्याने, पाच-सहा मीटरचीच तर बुडी आहे, ही समजूत फसवी ठरते. श्वास सतत, संथ आणि लांब चालू ठेवावा, आणि स्थिरतेसाठी कोपरे शरीराजवळ घेऊन कॅमेरा दोन्ही हातांनी धरावा.

चित्रीकरणात लक्ष गुंतल्यावर हवा, खोली आणि जोडीदार या तिन्हींचा विसर पडतो. म्हणून प्रत्येक तुकडा टिपून झाल्यावर दाबमापक पाहण्याची सवय लावावी. दोनशे बार दाबाच्या टाकीत शंभर उरले की परतीला लागावे आणि पृष्ठभागावर येताना किमान पन्नास शिल्लक असावेत. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नसावा, आणि खोली दहा मीटरच्या पलीकडे गेली असेल तर पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. बुडीनंतर लगेच उंचावर जाणे टाळण्याचा नियम विमानप्रवासापुरता मर्यादित समजू नये. एका साध्या बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमान टाळावे असे सांगितले जाते. चिपीहून विमानाने जाणाऱ्यांनी ती खबरदारी घ्यावीच, पण आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर असल्याने तो घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे निघणाऱ्यांनीही दिवसभराच्या बुड्यांनंतर रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावर किंवा कसाल-कुडाळच्या सखल भागात करणे शहाणपणाचे आहे.

उपकरणे आणि त्यांची निगा

सुरुवातीला छोटा ॲक्शन कॅमेरा पुरतो. गोप्रोसारखे अलीकडचे कॅमेरे नुसतेही दहा मीटरपर्यंत जलरोधक असतात, परंतु हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीचे कठीण जलाभेद्य कवच, वापरणे अधिक सुरक्षित असते. या कॅमेऱ्यांना अगदी जवळची वस्तू, साधारण तीस सेंटीमीटरच्या आतली, स्पष्ट दिसत नाही. लहान जीवांसाठी पाण्याखालीच बसवता-काढता येणारे क्लोज-अप भिंग घ्यावे. कॅमेरा दोन हातांनी धरता येईल अशा आडव्या पट्टीवर बसवावा आणि दोरीने जाकिटाच्या कडीला अडकवावा.

हाउसिंगची सारी मदार ओ-रिंग या रबरी कड्यावर असते. त्यावर एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरते, आणि कोकणातील जांभ्याची बारीक तांबडी धूळ वंगण लावलेल्या कड्याला सहज चिकटते. म्हणून हाउसिंग वाटेवर किंवा होडीत उघडू नये, घरीच स्वच्छ जागी बंद करावे. पहिल्यांदा वापरताना कॅमेरा न घालता आत कोरडा टिपकागद ठेवून ते बादलीत बुडवून पाहावे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बंद केलेल्या हाउसिंगच्या काचेवर पाण्याखाली बाष्प धरते, त्यासाठी शक्य तर वातानुकूलित खोलीत ते बंद करून आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. बुडीनंतर बंद हाउसिंग गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून कळा दाबत राहावे, म्हणजे मिठाचे कण सुटतात. पावसाळ्याचे चार महिने भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवली नाहीत, तर त्यांवर बुरशी चढते.

साठवणुकीचा हिशेबही आधीच मांडावा. सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाने टिपलेली चित्रफीत मिनिटाला साडेसातशे मेगाबाइट जागा घेते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या सलग बुडीला तीस गीगाबाइट लागतात. १२८ गीगाबाइटचे कार्ड दिवसभरास पुरते, मात्र बॅटरी प्रत्येक बुडीला बदलावी.

रंग परत मिळवणे

पाण्याखालचा हरवलेला रंग तीन मार्गांनी परत आणता येतो. पहिला मार्ग भिंगावर गाळणी, म्हणजे फिल्टर लावण्याचा. निळ्या पाण्यासाठी लाल फिल्टर असतो, हिरव्या पाण्यासाठी मॅजेंटा छटेचा. मालवणला दुसरा घ्यावा. फिल्टर नवा रंग निर्माण करत नाही, जास्तीचा हिरवा अडवतो आणि त्या प्रमाणात प्रकाशही कमी करतो, त्यामुळे उथळ, उजळ पाण्याबाहेर त्याचा उपयोग नाही. दुसरा मार्ग व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरे काय हे कॅमेऱ्याला ठरवून देण्याचा. ज्या कॅमेऱ्यात सोय आहे, त्यात पांढरी पाटी समोर धरून दर तीन-चार मीटर खोलीमागे हे मूल्य नव्याने घ्यावे. ते आपोआप ठरू दिले तर एकाच तुकड्यात रंग मध्येच बदलतो आणि नंतर दुरुस्त होत नाही.

तिसरा मार्ग दिव्यांचा. दिवा आपल्यासोबत पूर्ण रंगांचा प्रकाश नेतो, पण गढूळ पाण्यात त्याची उपयुक्त पोच मीटर-दीड मीटरच असते. त्यातही आंबोलीच्या दाट धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तोच प्रकार भिंगालगत दिवा ठेवल्यास पाण्यात होतो, कारण तरंगते कण उजळून प्रकाश थेट भिंगाकडे परतवतात. हे टाळण्यासाठी रुंद झोताचे दोन दिवे लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना ठेवून किंचित बाहेर वळवावेत, म्हणजे झोताची कड जीवावर पडते आणि मधले पाणी काळोखात राहते. दिवे लावताना फिल्टर काढावा.

सेकंदाला पन्नास किंवा साठ चौकटी घेतल्या तर माशांची चपळ हालचाल नंतर संथ करून दाखवता येते. खोलवर प्रकाश कमी पडू लागला की पंचवीस किंवा तीसवर यावे. शटरचा वेग चौकटींच्या संख्येच्या दुप्पट असावा हा सर्वसाधारण नियम येथेही लागू आहे.

जीवांसमोर

जीव दिसताच त्याच्या दिशेने झेपावणे ही नेहमीची चूक आहे. पाठलाग केलेल्या माशाचे फक्त शेपूट चित्रात येते. त्याऐवजी दूर थांबावे, श्वास संथ करावा, कॅमेरा आधीच सुरू करावा आणि तिरक्या वाटेने थोडे थोडे पुढे सरकावे. माशाने वागणे बदलले, पंख ताठ केले किंवा कपारीकडे तोंड वळवले, की तेथेच थांबावे. प्रत्येक तुकडा किमान दहा सेकंद अढळ ठेवावा आणि जीव चौकटीबाहेर गेल्यावरही क्षणभर चालू राहू द्यावा. वरून खाली टिपल्यास जीव तळाच्या रंगात मिसळून जातो, म्हणून त्याच्या डोळ्याच्या पातळीवर उतरून किंचित वर रोख ठेवावा. एकाच जीवाचे दूरचे, मधले आणि जवळचे असे तीन तुकडे घेतले, तर जुळणी करताना त्याची गोष्ट उभी राहते.

जीवाची सवय माहीत असेल तर पुढे काय होणार हे आधी ओळखता येते. सार्जंट मेजर या काळ्या पट्ट्यांच्या माशाचा नर खडकावर चिकटवलेल्या अंड्यांची राखण करतो आणि जवळ येणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. हे दृश्य चित्रीकरणास उत्तम असले, तरी पाणबुड्यामुळे नर दूर हटला तर इतर मासे तेवढ्यात अंडी फस्त करतात, म्हणून तेथे अर्ध्या मिनिटावर रेंगाळू नये. कपारीतून डोके काढून बसलेली वाम तोंड उघडझाप करते ती श्वसनासाठी; तिला तसेच टिपावे, आक्रमक म्हणून रंगवू नये. शेवंड आणि कुर्ल्या दिवसा कपारीत दडतात, तेथे दिवा बाजूने टाकल्यास मिशा आणि नांग्या उठून दिसतात. वाळूत अंग पुरून बसलेल्या पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो, लायनफिशच्या पंखांतही विष असते आणि समुद्री साळूचे काटे हातमोजा सहज भेदतात, त्यामुळे आधारासाठी हात कोठेही टेकवू नये.

टेकवू नये याचे दुसरे कारण प्रवाळ हे आहे. मालवणच्या खडकांवरील पोरायटीजसारखे गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, आणि फिनच्या एका धक्क्याने अनेक वर्षांची वाढ निखळते. फिनने उडवलेला गाळ त्यांच्यावर बसला तर तो झटकण्यात त्यांची शक्ती खर्च होते. पाव-बिस्किटे टाकून मासे जमवण्याने चित्र भरगच्च दिसते, पण त्यात टिपले जाते ते माशांचे बिघडलेले वागणे. पाण्याखालच्या चित्रपटांना जगभर लोकप्रिय करणाऱ्या जाक कूस्तोच्या १९५६ सालच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’मध्ये मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवल्याचे दृश्य आहे; त्या काळी खपून गेलेली अशी कृती आज चित्रपटाचा डाग मानली जाते.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग गाभा क्षेत्र आहे. प्रवाळ तोडणे किंवा बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. व्यावसायिक चित्रीकरण करायचे असल्यास वन विभागाकडे आधी अर्ज करावा, आणि मच्छीमारांची जाळी लागलेल्या जागी उतरू नये.

चित्रफितीचे पुढे काय

संगणकावर जुळणी करताना लाल रंग वाढवण्याला मर्यादा असते, कारण जो प्रकाश भिंगापर्यंत पोचलाच नाही, त्याच्या जागी केवळ दाणेदार डाग उमटतात. पाणी हिरवे होते, तर ते थोडे हिरवे राहू द्यावे; निळेशार मालवण दाखवणारी चित्रफीत बघणाऱ्याची दिशाभूल करते. नितळ पाण्याचीच ओढ असेल, तर विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर अँग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळी पठार आहे, मात्र त्याचा माथाच वीस मीटर खोल असल्याने तेथे प्रगत प्रशिक्षण आणि खुल्या समुद्रातील मुक्कामाची सिद्धता लागते.

प्रत्येक चित्रफितीसोबत तारीख, तिथी, भरतीची वेळ, जागा, खोली, पाण्याचे तापमान आणि अंदाजे किती मीटरपर्यंत दिसत होते, याची नोंद ठेवावी. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवाले गमावतात आणि पांढरे पडतात, त्याला विरंजन म्हणतात. एकाच प्रवाळाचे त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी धरून, दर वर्षी जानेवारीत आणि मेमध्ये केलेले चित्रीकरण हा त्या बदलाचा विश्वासार्ह पुरावा ठरू शकतो. अशी मालिका तयार झाल्यास तिची प्रत तारीख-खोलीच्या नोंदींसह वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे किंवा सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासकांकडे द्यावी, आणि पुढील हंगामात त्याच जागी, त्याच तिथीला पुन्हा उतरण्याचे नियोजन आधीच करून ठेवावे.